आधी एवढंच सांगा, ते खातं काय?

समुद्री शेती, मत्स्यसंवर्धन आणि जैवतंत्रज्ञानातून अन्न तयार करण्याच्या संशोधनाला निधी देणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. अन्नसाखळीचा धडा आला की दरवर्षी काचेच्या दोन बरण्या टेबलावर मांडते. दोन्हींत सूक्ष्म शेवाळ वाढवलेलं हिरवंगार खारं पाणी असतं. एका बरणीत चार-पाच जिवंत शिंपले सोडते, दुसरी तशीच ठेवते. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही, मुलं चुळबुळ करायला लागतात. मग शिंपले अगदी बेताने उघडतात, आतली झालरीसारखी मऊ कड बाहेर डोकावते आणि पुन्हा सगळं स्तब्ध. मधल्या सुट्टीनंतर मुलं वर्गात येतात तेव्हा त्या बरणीतून पलीकडची खिडकी दिसत असते. शेजारची बरणी हिरवीच असते. सकाळपासून त्या शिंपल्यांना कुणी काही खायला घातलेलं नसतं. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, मग ते खातात काय?"

तोच प्रश्न घेऊन आज तुमच्याकडे आले आहे. तुमच्यापुढे अर्ज येतात. कुणाला खोल समुद्रात माशांचे पिंजरे लावायचे असतात, कुणाला टाक्यांमध्ये कोळंबी वाढवायची असते, कुणाला पोलादी भांड्यात जिवाणूंपासून प्रथिनं काढायची असतात, तर कुणाला माशाच्या पेशींपासून मासा न मारता मांस तयार करायचं असतं. उत्पादन किती निघेल, जमीन किती वाचेल, कार्बन किती कमी होईल, याचे तक्ते प्रत्येक अर्जात असतात. माझी विनंती अशी की अर्जाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर, आणखी एक रकाना असावा. तुम्ही जे वाढवणार ते खातं काय, ते खाद्य येतं कुठून आणि आजवर ते कुणाच्या तोंडी पडत होतं?

हे का म्हणते ते सांगते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार 2022 साली माणसाने पाण्यात वाढवलेले मासे, कोळंबी, शिंपले वगैरे प्राणी पहिल्यांदाच पकडून आणलेल्या प्राण्यांपेक्षा जास्त भरले: 9.44 कोटी टन, म्हणजे एकूण उत्पादनाच्या 51 टक्के. बातमी आनंदाची आहे. समुद्रातल्या माशांच्या ज्या साठ्यांचा अभ्यास होतो, त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त साठ्यांचा उपसा झेपण्यापलीकडे गेला आहे. अशा वेळी पाण्यातली शेती वाढणं हा दिलासाच आहे. पण त्याच संघटनेच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, तिची बातमी होत नाही. बाहेरून खाद्य न घालता वाढणाऱ्या जिवांचा, म्हणजे कालवं, शिंपले आणि पाणी गाळून खाणारे काही मासे यांचा, या शेतीतला वाटा 2000 साली 40 टक्क्यांहून जास्त होता. 2020 मध्ये तो 28 टक्क्यांच्या आत आला. आपण जेवढं जास्त पिकवतो आहोत, तेवढंच त्याला जास्त भरवावंही लागतं आहे.

भरवतो काय? 2022 साली सुमारे 1.7 कोटी टन मासळी शिजवून, पिळून, वाळवून तिचं फिशमील आणि फिश ऑइल करण्यात आलं. मासे साफ करताना उरणारी डोकी, काटे, आतडी यांपासूनही आता बरंच फिशमील बनतं आणि ते चांगलंच आहे. पण मोठा भाग अजूनही अख्ख्या छोट्या माशांचा असतो. पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्हेटा ही एकाच जातीच्या माशाची जगातली सगळ्यात मोठी मासेमारी, आणि ती जवळजवळ सगळी फिशमीलच्या कारखान्यात जाते. 1970 च्या सुमारास तिथे वर्षाला 1.2 कोटी टनांपर्यंत मासळी निघत होती. बेसुमार उपसा सुरूच होता, त्यात एल निनो आला, आणि 1972-73 मध्ये ती कोसळली. 2023 मध्ये पुन्हा पाणी तापलं, जाळ्यात कोवळेच मासे येऊ लागले आणि पेरू सरकारने वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. तो निर्णय योग्य होता. पण एका किनाऱ्याचं पाणी तापल्यावर जगभरच्या मत्स्यशेतीला फिश ऑइलची टंचाई जाणवावी, यावरून ही शेती कशावर उभी आहे ते कळतं.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची गोष्ट मला जास्त लागते. मॉरिटानिया, सेनेगल, गाम्बिया इथल्या गरिबांचं पोट सार्डिनेलासारख्या स्वस्त, तेलकट, छोट्या माशावर चालत आलं आहे. तो मासा विकत घेऊन, धुरावून, वाळवून आतल्या गावांपर्यंत पोहोचवण्याचं काम बायका करत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथे फिशमीलचे कारखाने उभे राहिले, आणि बायका ज्या होड्यांची वाट पाहत, त्याच होड्यांचा माल कारखाने घाऊक उचलू लागले. कारखान्यातून निघालेलं पीठ दूरच्या पिंजऱ्यातला मासा खातो, आणि त्या पिंजऱ्यातला मासा उत्पादनवाढीच्या आलेखात 'नवं अन्न' म्हणून मोजला जातो. त्यातलं नवं किती आणि एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात गेलेलं किती, याचा हिशेब अर्जात असायला नको का?

या धंद्यातल्या लोकांनी काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. 1990 साली नॉर्वेतल्या सॅल्मनच्या खाद्यात जवळजवळ 90 टक्के घटक समुद्रातले असत. 2020 पर्यंत ते प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास आलं. यामागे खाद्यतज्ज्ञांची तीस वर्षांची मेहनत आहे. मात्र मासळीच्या जागी मुख्यतः सोयाबीन आलं, गहू आला, वनस्पतींचं तेल आलं. म्हणजे समुद्रातल्या माशाचं पोट आता जमिनीवरच्या शेतावर भरतं. जमिनीवरचा भार हलका करायला आपण समुद्राकडे वळलो होतो, आणि समुद्राने खाद्यासाठी पुन्हा जमिनीकडेच हात पसरला. नॉर्वेच्याच पिंजऱ्यांमध्ये 2023 या एका वर्षात 6 कोटींहून जास्त सॅल्मन काढणीआधीच मेले. प्रत्येकाच्या पोटात तोवर किती खाद्य गेलं असेल!

हा प्रश्न भांड्यात आणि प्रयोगशाळेत वाढणाऱ्या अन्नालाही विचारायला हवा. माशातली ओमेगा-3 मेदाम्लं आपण माशाची म्हणून ओळखतो, पण मूळ निर्मिती सूक्ष्म शेवाळाची. लहान मासा ती खाऊन साठवतो, मोठा मासा लहान माशाकडून घेतो. मग मधले सगळे मासे वगळून थेट शेवाळाकडूनच का घेऊ नयेत? स्किझोकायट्रियम नावाचा शेवाळासारखा सूक्ष्म जीव टाक्यांत वाढवून आज हे तेल काढलं जातं, आणि ते माशांच्या खाद्यातही जातं. अँकोव्हेटावरचा भार यातून खरंच हलका होऊ शकतो. तरी विचारा, हा जीव खातो काय? साखर. त्याला सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न बनवता येत नाही, त्यामुळे मका किंवा उसाची साखर घालावी लागते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन संस्थेत जोनाथन नेपियर यांच्या गटाने कॅमेलिना या तेलबियाच्या रोपात शेवाळाची जनुकं घालून शेतातच हे तेल पिकवून दाखवलं. ती वाट वेगळी, पण तिलाही शेत लागतंच. यातलं काहीही वाईट नाही. फक्त रकाना भरलेला असावा, म्हणजे तुलना करता येईल.

जिवाणूंच्या प्रथिनांचा इतिहास तर या रकान्यासाठी धड्यासारखा आहे. ब्रिटनमधल्या आयसीआय या कंपनीने मिथेनॉलवर वाढणाऱ्या जिवाणूपासून 'प्रुटीन' नावाचं पशुखाद्य तयार केलं आणि 1980 च्या सुमारास बिलिंगहॅमला त्यासाठी प्रचंड मोठा किण्वनाचा कारखाना उभारला. विज्ञान उत्तम होतं, जिवाणू झपाट्याने वाढत होता, प्रथिनं भरपूर होती. पण तो मिथेनॉल खात होता, आणि मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून येत होतं. इंधन महाग, सोयाबीन स्वस्त, हे गणित काही जुळलं नाही आणि कारखाना बंद पडला. आज हायड्रोजनवर वाढणाऱ्या जिवाणूंची चर्चा आहे. पाण्यातून विजेने हायड्रोजन वेगळा करायचा, त्यावर जिवाणू वाढवायचे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब असा की सौरऊर्जेवर हे केलं तर तेवढ्याच जमिनीत सोयाबीनच्या 10 पटीहून जास्त प्रथिनं निघू शकतात. हे ऐकून मला आशा वाटते. पण 'सौरऊर्जेवर केलं तर' यातला 'तर' फार मोलाचा आहे. तीच वीज कोळशाची असेल तर आपण कोळसा खातो आहोत. माशाच्या पेशींपासून भांड्यात वाढवलेल्या मांसालाही ग्लुकोज आणि अमिनो आम्लं लागतात. ती कुठून आणणार, हे अर्जात लिहिलेलं असू द्या.

या रकान्यात ज्यांचं उत्तर 'काही नाही' असं येतं, त्यांच्यासाठी हे पत्र मी मुख्यतः लिहिते आहे. समुद्री शेवाळाला लागतो सूर्यप्रकाश आणि पाण्यात विरघळलेलं नत्र-स्फुरद. शेतातून वाहून आलेली खतं आणि शहरांचं सांडपाणी यांमुळे कितीतरी खाड्यांत हे नत्र-स्फुरद आधीच गरजेपेक्षा कितीतरी जास्त झालेलं असतं. मेक्सिकोच्या आखातात त्याने दर उन्हाळ्यात प्राणवायू संपून मृत पट्टा तयार होतो. शेवाळ ते शोषून घेतं. कालवं आणि शिंपले पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात, पाणी नितळ करतात, त्यामुळे तळापर्यंत ऊन पोहोचून समुद्री गवत वाढतं. यांना गोडं पाणी नको, शेत नको, खतं नकोत, औषधं नकोत. यांच्यामागे पैसा कमी का उभा राहतो, याचं माझं उत्तर सरळ आहे. ज्याला खाद्य लागत नाही, त्याला खाद्य विकणाराही नसतो, औषध विकणाराही नसतो. ज्या कामात विकण्यासारखं फार काही नाही, त्यात खासगी पैसा कमीच येणार. म्हणून तिथे तुमच्या पैशाची गरज सगळ्यात जास्त आहे.

आणि तो पैसा कशावर लागायला हवा, हे सांगण्यासाठी एका बाईंची गोष्ट सांगते. वर्गातही ती मी दरवर्षी सांगते.

कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश शेवाळशास्त्रज्ञ. 1928 साली त्यांचं लग्न झालं आणि विवाहित स्त्रियांना अध्यापक म्हणून ठेवायचं नाही या नियमामुळे मँचेस्टर विद्यापीठातली त्यांची नोकरी गेली. त्यांनी काम सोडलं नाही, बिनपगारी संशोधक म्हणून त्या तिथेच राहिल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता पोर्फायरा नावाचं लाल शेवाळ. किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेली, ओल्या कागदाइतकी पातळ, तांबूस-जांभळी पानं. थंडीत ती भरभरून वाढतात, उन्हाळ्यात नाहीशी होतात आणि पुन्हा थंडी आली की उगवतात. मधल्या महिन्यांत हे शेवाळ असतं कुठे? कुणालाच माहीत नव्हतं. ड्रू-बेकर यांनी त्याचे बीजाणू शिंपल्यांसोबत वाढवून पाहिले. बीजाणू रुजले आणि शिंपल्याच्या आत शिरले. चुन्याच्या त्या कठीण भिंतीत केसाहून बारीक तंतू पसरत गेले आणि पांढऱ्या शिंपल्यावर गुलाबी डाग उमटले. हे गुलाबी डाग शास्त्रज्ञांना नवे नव्हते. 'कोंकोसेलिस' या नावाने, एक निराळीच वनस्पती म्हणून, त्यांची पन्नासेक वर्षांपूर्वी नोंद झालेली होती. ज्यांना दोन वेगळे जीव समजत होते, ती एकाच जीवनचक्राची दोन रूपं निघाली. 1949 साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी हे एका छोट्या टिपणात मांडलं.

त्याच काळात जपानमध्ये याच शेवाळाचं भावंड असलेल्या नोरीचं पीक हातचं जात होतं. शेतकरी उथळ समुद्रात बांबू रोवत, जाळी बांधत आणि बीजाणू येऊन चिकटण्याची वाट पाहत. ते येतात कुठून हे ठाऊक नव्हतं, म्हणून नोरीला 'नशिबाचं गवत' म्हणत. क्युशू विद्यापीठातले सोकिची सेगावा यांच्या हाती ड्रू-बेकर यांचं काम लागलं आणि कोडं सुटलं: बी उन्हाळाभर शिंपल्यात दडून बसतं. मग फुसाओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकीत शिंपले मांडून त्यांत हे तंतू वाढवायची आणि शरद ऋतूत सुटणारे बीजाणू जाळ्यांवर धरायची पद्धत बसवली. आजची नोरीची शेती त्याच ज्ञानावर चालते. ड्रू-बेकर 1957 साली गेल्या. जपान त्यांनी कधी पाहिला नाही. 1963 साली आरिआके समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक उभं राहिलं, आणि तिथले लोक त्यांना 'समुद्राची आई' म्हणतात.

माझ्या मनात नेहमी येतं, या बाईंनी तुमच्याकडे अर्ज केला असता तर? विषय, खडकावरच्या एका शेवाळाचं जीवनचक्र. बाजारमूल्य, काही नाही. तीन वर्षांत अपेक्षित उत्पादन, शून्य. तो अर्ज पहिल्याच चाळणीत गळाला असता. पैसा अशा कामांवर लागावा, एवढंच मला म्हणायचं आहे. समुद्री पिकांच्या बाबतीत आपण अजून फार मागे आहोत. जमिनीवरच्या धान्यांच्या पाठीशी हजारो वर्षांची निवड आहे. समुद्रातल्या बहुतेक पिकांचं नीट बियाणंसुद्धा अजून आपल्या हातात नाही.

हीच गोष्ट आजही पुन्हा घडते आहे. अ‍ॅस्परागॉप्सिस या लाल शेवाळाचं नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. गुराच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांची मिथेन तयार करण्याची शेवटची पायरी त्यातलं ब्रोमोफॉर्म अडवतं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या, गोठ्यातल्या बैलांवरच्या एका प्रयोगात मिथेन 80 टक्क्यांपर्यंत घटला, आणि जगभर मथळे झळकले. पुढे 2024 मध्ये चरायला सोडलेल्या गुरांवर प्रयोग झाला, तेव्हा घट 38 टक्क्यांच्या आसपास भरली. तीही थोडीथोडकी नाही, पण मथळ्यातला आकडा आणि माळरानावरचा आकडा यांत केवढं अंतर आहे पाहा. मला इथे वेगळंच सांगायचं आहे. या शेवाळाचं एक रूप पिसाऱ्यासारखं, आणि दुसरं गुलाबी कापसाच्या बोळ्यासारखं. त्या बोळ्याला लोक कित्येक वर्षं 'फाल्केनबर्गिया' नावाची वेगळीच वनस्पती समजत होते. कोंकोसेलिसचीच पुनरावृत्ती! आज टाक्यांत हे शेवाळ वाढवू पाहणारे अनेक जण तो गुलाबी बोळाच वाढवतात. जुन्या शेवाळशास्त्रज्ञांनी दोन्ही रूपांचं नातं लावून ठेवलं नसतं, तर आज कुणाला तो हाती धरायचंही सुचलं नसतं.

आता कालवांकडे वळते, कारण पाणी मोजण्याचं कामही तुमच्या यादीत खालीच असतं. 2007 पासून अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या कालवांच्या बीजोत्पादन केंद्रांत पिल्लं लाखोंनी मरू लागली. ऑरेगनमधल्या नेटार्ट्स उपसागरावरच्या केंद्रात आधी रोगकारक जिवाणूंवर संशय गेला. पाणी गाळलं, यंत्रं बसवली, मर थांबली नाही. मग अ‍ॅलन बार्टन आणि सागरी रसायनशास्त्रज्ञ बर्क हेल्स यांनी पाण्याचं रसायन तपासलं. वाऱ्याने खोलातलं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं, आम्लधर्माकडे झुकलेलं पाणी वर आलं की त्याच सुमारास पिल्लं मरत होती. कालवाच्या पिल्लाला पहिल्या दोन दिवसांत पहिलं कवच बांधायचं असतं. 48 तासांत ते स्वतःच्या वजनाच्या 90 टक्क्यांपर्यंत चुना शरीरावर चढवतं, तेही जवळजवळ सगळं अंड्यातल्या शिदोरीवर, कारण खायला तोंड अजून नीट उघडलेलं नसतं. पाणी प्रतिकूल असेल तर चुना जमवण्यातच सगळी शिदोरी खर्ची पडते. पिल्लू मरतं ते रोगाने नव्हे, दमून.

उपाय काय निघाला? पाण्यावर सतत नजर ठेवणारे सेन्सर, पाण्यात मोजून घातलेला धुण्याचा सोडा, आणि टाक्या दुपारी भरण्याची सवय. दुपारीच का, तर सकाळभर उन्हात उपसागरातलं समुद्री गवत आणि सूक्ष्म शेवाळ कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतं आणि पाणी पिल्लांना सोसेल असं होतं. इतका साधा उपाय, पण मोजमाप असल्याशिवाय सुचला नसता. ही केंद्रं बुडाली असती तर अख्ख्या किनाऱ्याची कालवांची शेती बियाण्यावाचून अडली असती. तरीही पाण्याचं रसायन वर्षानुवर्षं मोजत राहणाऱ्या कामाला निधी मागायला गेलं की 'यात नवीन काय?' असं विचारलं जातं, हे मी संशोधन करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आता राग येतो.

झांझिबारबद्दलही लिहायलाच हवं. तिथे 1989 पासून समुद्री शेवाळाची व्यापारी शेती सुरू झाली. पदार्थ घट्ट करणारं कॅराजीनन या शेवाळापासून निघतं. शेती करणाऱ्यांत बहुसंख्य बायका. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरायचं, दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे, काही आठवड्यांनी काढणी करायची. हाती आलेल्या पैशाने कित्येक घरांची घडी बदलली. पण हे शेवाळ तुकडे तोडून लावलेलं असतं, म्हणजे सगळं शेत जवळजवळ एकाच रोपाच्या नकलांचं. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी तापू लागलं तसा 'आइस-आइस' नावाचा रोग वाढला. फांद्या पांढऱ्या पडतात, मऊ होतात, तुटून वाहून जातात. चांगला भाव मिळणारी जात तर कित्येक ठिकाणी तगेनाशी झाली. सागरशास्त्रज्ञ फ्लॉवर म्सुया यांनी या बायकांबरोबर राहून खोल पाण्यात नळीसारख्या जाळ्यांत शेवाळ लावण्याचे प्रयोग केले. खोल पाणी थंड असतं, पण तिथे होडी लागते आणि पोहता यावं लागतं, आणि बऱ्याच जणींना पोहता येत नव्हतं. म्हणजे तंत्रज्ञान जाळीपाशी संपत नाही. या बायकांना पोहायला शिकवणं हाही त्या संशोधनाचाच भाग आहे आणि त्याचाही खर्च अर्जात मान्य झाला पाहिजे.

शेवाळ आणि शिंपले म्हणजे सगळ्यावरचा उपाय, असं मी मुलांनाही सांगत नाही. केल्प जातीच्या काही शेवाळांत आयोडीन इतकं असतं की रोज भरपूर खाल्लं तर थायरॉइड बिघडू शकतं. हिजिकी नावाच्या शेवाळात अजैविक आर्सेनिकचं प्रमाण घातक असतं. शिंपले पाणी गाळतात, तसे पाण्यातले विषाणू आणि विषारी शेवाळांची विषंही साठवतात, म्हणून सांडपाणी मिसळणाऱ्या खाडीत त्यांची शेती करून ती विकणं हा गुन्हाच समजायला हवा. एका उपसागरात दोऱ्या दाटीवाटीने लावल्या तर खालचा तळ विष्ठेने भरतो आणि बाकीच्या जिवांना खायला उरत नाही. शिवाय ओल्या शेवाळात बहुतेक पाणीच असतं. ते वाळवायला इंधन जाळलं, तर 'काही नाही' या उत्तरालाही डाग लागतो. आणि पिकवलेलं शेवाळ समुद्राच्या तळाशी बुडवून कार्बन पुरल्याचे दाखले विकायची कल्पना मला मुळीच पटत नाही. जे खाता येईल किंवा खत म्हणून शेतात घालता येईल, ते अंधारात फेकून तिथल्या जिवांचं काय होईल हे नीट पाहण्याआधीच त्याचे पैसे घेणं चुकीचं आहे.

मासे वाढवूच नका, असंही मी म्हणत नाही. कॅनडात फंडीच्या उपसागरात थिअरी चोपिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅल्मनच्या पिंजऱ्यांशेजारी शिंपले आणि केल्प वाढवून दाखवलं. माशाच्या उरल्यासुरल्यावर शिंपले पोसतात, पाण्यात विरघळलेलं नत्र केल्प शोषतो. चीनच्या शानडाँगमधल्या सांगगौ उपसागरात अशी मिश्र शेती मोठ्या प्रमाणावर होते. पिंजऱ्याला परवानगी आणि निधी देताना 'त्याच्या शेजारी काय लावणार?' हे विचारता येईल. पिंजऱ्याने जे सांडलं ते कोण खाणार, हीही त्याच रकान्याची दुसरी बाजू आहे.

म्हणून माझं मागणं असं. रकाना तर हवाच. त्याशिवाय तुमच्या निधीचा एक ठरलेला हिस्सा, तो कितीही लहान असो, ज्यातून तीन वर्षांत काहीही विकता येणार नाही अशा कामासाठी बाजूला काढून ठेवा: रानातल्या, म्हणजे मोकळ्या समुद्रातल्या, शेवाळांच्या जाती जपून ठेवणाऱ्या बियाणे पेढ्या, कुणीच न पाहिलेली जीवनचक्रं, किनाऱ्याकिनाऱ्यावर पाणी मोजणारे सेन्सर आणि त्यांच्या नोंदी सगळ्यांना खुल्या. तो हिस्सा दुसऱ्या कुठल्या कामाकडे वळवता येणार नाही, असं नियमातच लिहा. आणि अर्ज तपासणाऱ्या समितीत एक तरी जागा अशा माणसाला द्या, जे रोज गुडघाभर पाण्यात उभं राहून ही शेती करतं. ओहोटीची वेळ, दोरीला किती काच पडतो, कुठल्या महिन्यात फांदी पांढरी पडायला लागते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

निधीच्या पुढच्या फेरीसाठी अर्जाचा नवा नमुना तुम्ही तयार करालच. त्यात पहिल्या पानावर 'ते खातं काय?' हा प्रश्न असेल की नाही, एवढं कळवावं. माझ्या वर्गातली मुलंही उत्तराची वाट पाहत आहेत. त्यांना मी हे पत्र वाचून दाखवलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक जीवशास्त्र शिक्षिका